जावईबापूंचं गवत

पुण्या-मुंबईकडे घरामागच्या मोकळ्या जागेला परसबाग म्हणतात आणि पुढे तिच्यात गाडी लावतात. आमच्या झाडीपट्टीत तिला सांदवाडी म्हणतात. सांदवाडीत वालाचा मांडव असावा, चार वांग्याची झाडं असावीत, एखादी विहीर असावी आणि कोंबड्या शेजाऱ्यांच्या असाव्यात, असा संकेत आहे. आमच्या सांदवाडीत फक्त एक मोहाचं झाड आहे. 'फक्त' हा शब्द सवयीनं लिहिला गेला. चंद्रपूरच्या कडेला, मूल रोडच्या बाजूला मी प्लॉट घेतला तेव्हा ते झाड तिथं होतंच. घर नंतर आलं, आम्ही त्याच्याही नंतर. त्यामुळे या जागेचा मालक कोण, हा विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नाही.

या झाडाखाली गवत उगवत नाही. पावसाळ्यात, म्हणजे गवतानं उगवायच्या दिवसांत, वरची छत्री इतकी दाट असते की खाली दुपारी बाराला दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड पानं गाळून मोकळं होतं आणि ऊन मिळायला लागतं, पण ते चंद्रपूरचं ऊन. आधी अंधारकोठडी आणि मग भट्टी, अशा शिक्षेत कोणतं गवत टिकेल?

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. शेतकरी जिला उपटून उपटून थकतो, चिवट माणसाला जिच्या मुळीची उपमा देतात, ती हरळी मी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून आणली. त्यानं ती स्वतः खणून दिली, पोतंही त्याचंच, आणि "अजून लागली तं सांगा जी" असं दोनदा म्हणाला. लावल्यावर आठ दिवसांत हरळी पिवळी पडली, महिन्याभरात गेली. शेतकऱ्यांच्या सात पिढ्यांना जे जमलं नाही ते आमच्या मोहानं एका पावसाळ्यात करून दाखवलं. गणपतीच्या २१ दूर्वा आम्ही बाजारातून विकत आणतो, आणि त्या विकणारी बाई डोक्यावर टोपली घेऊन रोज आमच्याच दारावरून बाजारात जाते.

तर अशा या सांदवाडीवर संक्रांतीच्या दिवशी ह्यूस्टनहून फोन आला.

"बाबा, आम्ही मार्चअखेर येतोय," मुलगी म्हणाली, "पण तुमच्या जावयांना रोज सकाळी पुटिंग लागतं."

स्पीकर चालू होता. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "लागू दे की. शेवयांचं करीन."

पुटिंग आणि पुडिंग यातला फरक समजायला आम्हाला दोन फोन लागले. गोल्फमध्ये चेंडू लांबून मारत मारत आणतात आणि शेवटी एका मऊ, बारीक कापलेल्या हिरवळीवर पोचतात. तिथं एक भोक असतं. चेंडूला हलकेच ढकलून त्या भोकात घालायचं, याला पुटिंग म्हणतात. "एवढंच?" हिनं विचारलं. जावई म्हणाले, "आई, एवढंच. पण आयुष्य जातं." भोक केवढं, हेही तिनं विचारलं, कारण तिला घरात भोकं आवडत नाहीत. ते सव्वाचार इंचांचं असतं, १८९१ साली स्कॉटलंडातल्या मंडळींनी नियम करून ठरवलेलं. मिलिमीटरमध्ये १०८.

"१०८?" ती जपमाळ ठेवत म्हणाली. "मग असू दे."

घरची परवानगी अशी मिळाली. माझ्या परवानगीचा प्रश्न नव्हता. जावई हा दहावा ग्रह, असं जुने लोक सांगून गेलेत, आणि बाकीच्या नऊंपैकी एकही ह्यूस्टनहून तिकीट काढून येत नाही. चंद्रपूरच्या माणसानं जावयाला गोल्फसाठी दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरला न्यायचं, हे तर मनालाही पटेना. प्रश्न एकच होता : गवत. मी कॅमेरा फिरवून सांदवाडी दाखवली. जावई खूश झाले. "बाबा, हे तर ॲस्ट्रोडोमच झालं!"

ॲस्ट्रोडोम म्हणजे त्यांच्या गावचं स्टेडियम. १९६५ साली उघडलं तेव्हा त्याला वरून छप्पर होतं आणि आत खरं गवत. गवताला ऊन मिळावं म्हणून छपराला पारदर्शक तावदानं बसवली होती. झालं असं की, खेळाडू उंच उडालेला चेंडू पकडायला वर बघायचे आणि तावदानांच्या चकाकीत चेंडूच दिसेनासा व्हायचा. मग तावदानांना रंग फासला. चेंडू दिसायला लागला, गवत मेलं. उरलेला हंगाम त्यांनी मेलेल्या गवतालाच हिरवा रंग मारून काढला. ही युक्ती मला फार जवळची वाटली. मंत्र्यांचा दौरा असला की आमच्याकडे दुभाजकांचं असंच होतं. पुढच्या वर्षी, १९६६ मध्ये, मोन्सँटो कंपनीचं प्लास्टिकचं गवत तिथं अंथरलं आणि त्या स्टेडियमवरून त्याचं नावच ॲस्ट्रोटर्फ पडलं. म्हणजे जगभर पसरलेलं हे कृत्रिम गवत मुळात सावलीतून नावारूपाला आलं.

मला मात्र या गवताबद्दल जुना राग होता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर झाली आणि आपण सातवे आलो. तेव्हापासून आमच्या पिढीत कोणत्याही अपयशाचं कारण म्हणून ॲस्ट्रोटर्फ चालतं. माझे एक मित्र दहावीच्या गणितालाही तेच सांगतात. पण जावयापुढे १९७६ काढणं बरं दिसलं नसतं.

गवताचा गुंडाळा ट्रकमधून नागपूरहून आला. तो उतरवताना गल्लीत गर्दी जमली. "घरी लग्न आहे का?" असं पहिल्यानं विचारलं, कारण मांडवात अंथरतात ती मॅट तशीच हिरवी असते. दुसऱ्यानं चौकशी केली की, टर्फ काढता का? हल्ली बॉक्स क्रिकेटच्या जाळीला आमच्याकडे नुसतं 'टर्फ' म्हणतात. पोरं रात्री दहाला तासाच्या भाड्यानं तिथं खेळतात. मी नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. मी गोल्फ म्हणालो तेव्हा दोघेही काही न बोलता घरी गेले. रात्रीपर्यंत गल्लीत एवढंच पसरलं होतं की, सरांच्या संडासाची टाकी चोक झाली आहे आणि ते सांगायला लाजतात.

ही अफवा पसरायला कारण होतं. गवत अंथरणं म्हणजे सतरंजी अंथरणं नव्हे. आधी चार इंच माती काढावी लागते. आमची माती काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिच्यावर सपाट काही ठेवलं की पुढच्या वर्षी ते सपाट राहत नाही. म्हणून माती काढून खाली कापडासारखा एक थर, त्यावर गिट्टी, गिट्टीवर चुरी, चुरीवर पाणी मारून धुम्मस. पाणी निघून जावं म्हणून किंचित उतार. मग गवत, मग जोडावर टेप आणि गोंद, आणि शेवटी ब्रशनं गवताच्या पात्यांत बारीक वाळू भरायची. अंगणातल्या शोभेच्या गवताची पाती दीड-दोन बोटं लांब असतात. पुटिंगचं गवत जेमतेम अर्धा इंच, नुकत्याच मशीन फिरवलेल्या डोक्यासारखं. खाली चुरीचा एक खडा वर राहिला तरी चेंडू त्याला वळसा घालून जातो. मिस्त्रीनं तीन दिवस गुडघ्यावर बसून, लाकडाची फळी फिरवत ती जमीन केली. इतक्या प्रेमानं त्यानं आमच्या बैठकीतली फरशीही बसवली नव्हती.

अडचण झाली मुळ्यांची. खणताना मनगटाएवढी एक मुळी लागली, नेमकी मधोमध. ठेकेदार म्हणाला, तोडू. मिस्त्री कुऱ्हाड हातात घेऊन उभा राहिला, पण उचलेना. तो सिंदेवाहीकडचा.

"मोहाले कुऱ्हाड नाही लावत जी," तो म्हणाला. "तुमचं ते भोकच सरकवा."

भोक सरकवलं. मुळीवरून गवत गेलं आणि मध्ये हातभर लांबीचा एक उंचवटा राहिला. मी घाबरत त्याचा फोटो ह्यूस्टनला पाठवला. उलट निरोप आला : "वा! नॅचरल अंड्युलेशन! इकडे याचे वेगळे पैसे घेतात." मी ठेकेदाराला हे सांगितलं नाही.

काम चालू असताना चुरी टाकणाऱ्या दोन बाया पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गुंडाळा उलगडला तेव्हा एकीनं पात्यांवरून हात फिरवला.

"हे गवतच व्हय ना जी?"

"हो."

"पैसे देऊन आणलं?"

"हो."

ती दुसरीकडे बघून म्हणाली, "आमच्या बांधीत या. निंदाले बाया भेटत नाहीत. लागते तेवढं घेऊन जा, वरून मी जेवण देतो."

संध्याकाळी जाताना तिनं विचारलं, "याले निंदाले केव्हा येऊ?" मी म्हणालो, याला निंदण लागत नाही. त्यावर ती बराच वेळ थांबली. निंदण न लागणारं गवत तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि मला वाटतं, त्या क्षणी माझ्या खर्चाचा काही भाग तिला पटला.

त्या रात्री माझ्या डोक्यात आलं की, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांइतका गवताचा मान आणि गवताचा घोळ दुसरीकडे कुठे नसेल. आमच्याकडचं सगळ्यांत मोठं गवत म्हणजे बांबू. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणतं. १९२७ चा भारतीय वन कायदा मात्र त्याला झाड म्हणायचा, आणि झाड म्हटलं की ते परवानगीशिवाय तोडणं हा गुन्हा. म्हणजे एका गवतानं ९० वर्षं सरकारदरबारी झाडाच्या हुद्द्यावर नोकरी केली. २०१७ मध्ये कायदा बदलून त्याला पुन्हा गवत केलं. त्याआधी २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज ठरवलं होतं, पण कायद्यात असणं वेगळं आणि हातात मिळणं वेगळं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं हा हक्क धरून ठेवला आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गडचिरोलीत येऊन ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक देऊन गेले. आपल्याच जंगलातलं गवत आपणच विकायला एका गावाला इतकी वर्षं लागली. मला मात्र नागपूरहून गवत आणायला एक फोन पुरला होता. माझ्या गवताला वाहतूक परवाना लागला नाही, कारण ते वनस्पतिशास्त्रातही बसत नाही आणि वन कायद्यातही.

धान हेही गवतच. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या बांधीत, पटेल-३ वाणाच्या धानात, चारचौघांपेक्षा वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं पेरल्या, निवडल्या. त्यातून जो बारीक तांदूळ झाला त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव पडलं : एचएमटी. हातात घड्याळ बांधणाऱ्यांपेक्षा ताटात वाढून घेणारे कितीतरी जास्त निघाले. दादाजी २०१८ मध्ये गेले. एवढ्याशा जमिनीच्या त्या माणसानं गवताकडे वाकून पाहिलं आणि लाखो लोकांच्या ताटात भात आला. मीही गवताकडे वाकूनच पाहत होतो, पण भोकाच्या कडेला गोंद नीट लागलाय की नाही ते.

आणि ज्या हरळीनं माझ्या मोहापुढे हात टेकले होते, ती? जावयांनी सांगितलं की, गरम देशांतल्या गोल्फच्या हिरवळी तिच्याच असतात. तिकडे तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात, तिची संकरित बाळं जपतात, रोज सकाळी कापतात. आपण जिला गणपतीच्या डोक्यावर ठेवतो आणि वावरातून शिव्या घालून उपटतो, तिच्यावर ते बुटाच्या ठशाचीही काळजी घेतात. सावलीत मात्र ती तिकडेही जगत नाही, हे ऐकून मला बरं वाटलं. माझ्या हाताचा दोष नव्हता.

फेब्रुवारीत गवत तयार झालं. भोकात डबा बसला, डब्यात झेंडी उभी राहिली. पुढच्या दोन महिन्यांत या गवतावर बऱ्याच जणांनी अभिप्राय दिले.

पहिला शेजारच्या बकरीचा. ती फाटकातून आली, थबकली. उन्हाळ्याच्या तोंडावर एवढं हिरवं तिनं पाहिलं नसावं. तिनं वेळ घेतला नाही. एक घास ओढला, चावला, आणि थांबली. मग पुन्हा सावकाश चावला, खात्री करून घेतल्यासारखा. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी शाळेत ३१ वर्षं शिकवलं; पालकांनी, साहेबांनी, शिक्षण समितीच्या सभापतींनी माझ्याकडे नाराजीनं पाहिलेलं आहे. पण असं कुणी पाहिलं नव्हतं. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. समोरच्यांच्या घरी जाताना आता रस्त्याच्या पलीकडून जाते.

दुसरा अभिप्राय धुण्याभांड्याच्या मावशींचा. आमचं शहर काळ्या सोन्याचं, म्हणजे कोळशाचं. ते सोनं हवेतून घराघरात येतं, खिडकीच्या गजावर बसतं, वाळत घातलेल्या धोतरावर बसतं. खरं गवत ते पावसात धुऊन टाकतं, वाढतं, विसरतं. प्लास्टिकचं गवत काही विसरत नाही. चार दिवसांत ते राखाडी दिसायला लागलं. मावशींना सांगितलं, जरा पाणी मारून पुसून घ्या. त्यांनी अटी सांगितल्या : झाडू-पोछा दोन खोल्यांचा ठरलाय, "गवताचे वेगळे." इतके दिवस ज्या सांदवाडीला वर्षातून एकदा दिवाळीला झाडू लागायचा, तिचा महिना सुरू झाला.

तिसरा वानरांचा. झेंडी पाचव्या दिवशी गेली. मोठ्या नरानं ती उपटली, हुंगली, आणि मोहाच्या वरच्या फांदीवर बसून बराच वेळ धरून ठेवली. गल्लीतले लोक कौतुकानं बघत होते. शेवटी झेंडी खाली पडली ती नेमकी भोकात नाही, पण मी गोल्फ खेळायला लागल्यापासून माझा कुठलाही चेंडू भोकाच्या इतक्या जवळ गेलेला नाही.

या काळात मी जावयांनी पाठवलेलं नियमांचं पुस्तक वाचून काढलं. त्यातला एक नियम मला फार आवडला. चेंडू धोकादायक प्राण्याजवळ पडला तर दंड न होता दुसरीकडे ठेवता येतो. उदाहरणंही दिली आहेत : विषारी साप, डंख मारणाऱ्या माश्या, मगरी, लाल मुंग्या, अस्वल. मी यादी तीनदा वाचली. वाघ नाही. ताडोबा पन्नास किलोमीटरच्या आत, शहराच्या कडेला वाघ दिसल्याची बातमी दर महिन्याला, आणि नियम करणाऱ्यांना वाघ सुचला नाही! मगरीची सोय आहे, आमच्या गावाची नाही. अस्वल मात्र आहे, आणि अस्वलाचा आणि मोहाच्या फुलांचा संबंध आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत आहे. मी हिला म्हणालो, बाकी काही नाही तरी अस्वल आलं तर आपण नियमात बसतो. तिनं संध्याकाळी फाटकाला कुलूप लावायला सुरुवात केली.

गोल्फचं मैदान अठरा भोकांचं असतं आणि खेळ संपल्यावर जिथं बसून पितात त्या जागेला खेळाडू एकोणिसावं भोक म्हणतात, हेही त्यातच कळलं. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. आमच्या चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. म्हणजे आमच्या भागात गोल्फ रुजला नाही यात गवताचा दोष नसावा. अठरा भोकं एकवेळ खणता आली असती.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जावई आले आणि मोहानं आपला डाव टाकला. ज्या सावलीसाठी एवढा खटाटोप केला, ती सावलीच गेली. पानं सगळी गळाली होती, फांद्यांच्या टोकाला कळ्यांचे झुबके लटकत होते, आणि त्यातून सरळ खाली ऊन. जावई पहिल्याच दिवशी दुपारी अनवाणी गवतावर गेले. हवेत ४१ अंश होते. पण प्लास्टिकचं गवत ऊन पितं आणि हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. खरं गवत पाणी सोडून स्वतःला थंड ठेवतं, याच्याकडे सोडायला पाणी नाही. जावई तीन पावलं गेले आणि चौथं पाऊल हवेतच ठेवून परत आले. हिनं तळपायांना तूप लावलं. "मेमध्ये ४७-४८ होतं," मी धीर देण्यासाठी म्हणालो, "तुम्ही चांगल्या वेळी आलात."

तेव्हा ठरलं की पुटिंग पहाटे. तसंही त्यांच्या शरीराचं घड्याळ ह्यूस्टनचंच होतं. साडेतीनला डोळे टक्क उघडे. चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला त्यांनी मला उठवलं. गवत किती वेगवान आहे हे मोजायचं होतं. १९३५ साली मॅसॅच्युसेट्सच्या एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या गोल्फरनं त्यासाठी साधं यंत्र काढलं : तीन फूट लांब खाचेची पट्टी, खाचेत चेंडू ठेवायचा, पट्टी हळूहळू उचलायची, चेंडू सुटला की तो किती फूट जातो ते मोजायचं. आमच्याकडे ती पट्टी नव्हती. जावयांनी बुरडाकडून आणलेला बांबू उभा चिरला. अस्सल गवताच्या पन्हळीतून चेंडू सोडून नकली गवत मोजायला आम्ही बाहेर गेलो.

अंधार होता, आणि हवेत तो वास होता. ज्यांनी मोहफुलांचा वास घेतला आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी घेतलेला नाही त्यांना सांगून कळत नाही. गोड, जड, थोडा आंबूस, नशा अजून दोन पायऱ्या लांब असलेला. वरून एकेक फूल पडत होतं. टप्. थांबून पुन्हा टप्. जावयांनी मोबाइलचा दिवा लावला. हिरव्या गवतभर फिकट पिवळी, गोल, रसरशीत फुलं पसरली होती. एवढीशी, जणू कुणी गोल्फच्या चेंडूंची पिल्लं सोडली आहेत. जावयांनी बांबू उचलला. चेंडू निघाला, पहिल्या फुलाला चिकटला, दुसऱ्याला घेऊन फिरला, मुळीच्या उंचवट्यावर चढला आणि तिथं पाच फुलं अंगावर घेऊन बसला. "चार फूट," जावई म्हणाले. मोठ्या स्पर्धांत बारा-तेरा असतात म्हणे.

तेवढ्यात फाटकाचं कुलूप वाजलं. शेजारच्या आजी. हातात टोपली. कुलपावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी ते फक्त हलवून आम्हाला कळवलं होतं की त्या आल्या आहेत. दरवर्षी त्या आमच्या झाडाची फुलं वेचतात. 'आमच्या' हाही शब्द सवयीचाच.

मी कुलूप काढलं. त्या आत आल्या, आणि उभ्या राहिल्या. गेले दोन महिने त्यांनी या गवताबद्दल एक अवाक्षर काढलं नव्हतं, आणि आजींचं गप्प बसणं म्हणजे काय हे गल्लीला माहीत आहे. त्यांनी वाकून एक फूल उचललं, फिरवून पाहिलं. माती नाही, पाचोळा नाही, खडा नाही.

"बाप्पा," त्या म्हणाल्या. "आज कामाचं काहीतरी केलं तुम्ही."

मोहफुलं वेचायची तर आधी झाडाखालचा पाचोळा दूर करावा लागतो. लोक तो झाडतात. जंगलात कित्येक ठिकाणी पेटवून देतात, आणि उन्हाळ्यातले बरेच वणवे त्या ठिणगीतून लागतात. म्हणून अलीकडे झाडाखाली जाळी बांधायला सांगतात. हिरवीच असते ती. आजींनी भाच्याकडे पाहिली होती. त्यांच्या मते मी जाळीच आणली होती, फक्त जरा जाड आणि विनाकारण महाग, आणि ती जमिनीपासून वर बांधायची अक्कल मला नव्हती.

"आजी, एक मिनिट," जावई म्हणाले. मला वाटलं, खेळ चालू आहे असं सांगतात की काय. पण ते माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "बाबा, नियमानं हे 'लूज इम्पेडिमेंट' आहे. पानं, फुलं, काड्या. कधीही उचलता येतात. दंड नाही."

"कोणाले दंड?" आजी वळल्या.

"कोणालाच नाही, आजी."

"हं," आजी म्हणाल्या आणि बसल्या. सूर्य उगवेपर्यंत आम्ही तिघांनी फुलं वेचली. जावयांचा वेग स्टिम्पसनच्या हिशेबानं दोन फूट असेल. आजींनी त्यांना दाखवलं की फूल चिमटीत दाबायचं नसतं, खालून उचलायचं असतं. दाबलं की रस जातो. सहा वाजता त्यांच्या तळहातांवर रेघा उमटल्या होत्या, गुडघ्यांवर गवताची नक्षी होती आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं, जे ह्यूस्टनच्या रोजच्या पुटिंगनंतर येत असेल की नाही मला शंका आहे. उरलेले दिवस त्यांनी पुटर हातात घेतला तो वानर हाकलायला. हिनं आजींनी वाळवून दिलेल्या फुलांचे लाडू करून सोबत बांधून दिले. मुलीनं विचारलं, याचं नाव काय सांगायचं तिकडे? ही म्हणाली, पुडिंग म्हण.

ते गेल्यावर मी एकटाच पहाटे बाहेर जायला लागलो. सवय लागते. सहा फुटांवरून तीन फटक्यांत चेंडू घालण्यापर्यंत माझी प्रगती झाली आहे, उंचवटा आडवा आला नाही तर. एप्रिलच्या एका पहाटे तिसऱ्या फटक्यात चेंडू गेला आणि भोकात टण्ण वाजायच्या ऐवजी पच्च वाजलं. हात घातला. चेंडूखाली आठ-नऊ मोहफुलं होती. मी वर पाहिलं. सर्वांत खालची फांदी पंचवीस फुटांवर तरी असेल. वाऱ्यात, अंधारात, काठी न घेता, कुणी बघत नसताना.

आजी मागून आल्या. त्यांनी डबा उपसून फुलं टोपलीत टाकली, डबा पदरानं पुसला आणि जागेवर ठेवला.

"हा डबा बरा केला," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली अजून सतरा बसवा."

सतराच का, हे मी विचारलं. म्हणाल्या, एवढी सांदवाडी आहे, एकानं काय होतं?